घराचा टॅक्स कमी करून देतो म्हणणारी पत्रं : कॅलिफोर्नियात नवीन घर घेतलेल्यांसाठी

कॅलिफोर्नियात घराचं क्लोजिंग झालं, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण झाला, की थोड्याच आठवड्यांत मेलबॉक्स भरायला लागतो. त्यातल्या काही पत्रांवर तुमचं नाव, घराचा पत्ता, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव आणि कर्जाची रक्कमसुद्धा अगदी बरोबर छापलेली असते. नवीन माणूस इथेच दचकतो. एवढं सगळं यांना माहीत आहे, म्हणजे पत्र सरकारी किंवा निदान बँकेचं तरी असणार, असं वाटतं.

तसं काही नसतं. तुमचं खरेदीखत, म्हणजे ग्रँट डीड, काउंटी रेकॉर्डरकडे (काउंटी म्हणजे इथला जिल्हा, रेकॉर्डर म्हणजे तिथलं दस्तनोंदणी ऑफिस) नोंदलं गेलं की ते सार्वजनिक दस्त होतं. कर्जासाठी सही केलेलं डीड ऑफ ट्रस्टही तिथेच नोंदलं जातं आणि त्यावर बँकेचं नाव व रक्कम असते. या नोंदी गोळा करून घाऊक विकण्याचा धंदा इथे राजरोस चालतो. त्यामुळे पत्रातली माहिती बरोबर आहे यावरून पत्र पाठवणारा कोण आहे हे अजिबात ठरत नाही.

या पत्रांचे प्रकार बरेच आहेत. होम वॉरंटी संपली म्हणणारी, कर्जाचा विमा काढा म्हणणारी, डीडची ‘अधिकृत’ प्रत देतो म्हणणारी. हा लेख मुख्यतः एका प्रकाराबद्दल आहे, कारण तो सगळ्यात जास्त खरा वाटतो: ‘तुमच्या घराची किंमत काउंटीने जास्त धरली आहे, आम्ही असेसमेंट कमी करून तुमचा प्रॉपर्टी टॅक्स वाचवतो, अमुक तारखेच्या आत इतकी फी पाठवा.’

२००८ च्या मंदीत घरांच्या किमती कोसळल्या तेव्हा कॅलिफोर्नियात अशा पत्रांचा अक्षरशः पूर आला होता. लोकांचे टॅक्स खरोखरच कमी होण्यासारखे होते आणि नेमक्या त्याच गोष्टीचा फायदा उठवला गेला. जवळजवळ दोनशे डॉलर मागितले जायचे. २००९ साली राज्याचे तेव्हाचे अटर्नी जनरल जेरी ब्राउन यांनी अशी पत्रं पाठवणाऱ्यांविरुद्ध कोर्टात दावाही लावला. धंदा मात्र बंद झाला नाही. बाजार पडला की तो पुन्हा डोकं वर काढतो.

आधी पत्र नीट बघा

पाकीट खिडकीचं असतं, कागद फिक्या राखाडी किंवा पिवळसर रंगाचा. डाव्या कोपऱ्यात ‘असेसमेंट रिव्ह्यू’, ‘टॅक्स रिडक्शन’ असे शब्द जोडून केलेलं एखाद्या खात्यासारखं नाव. मध्ये ठळक अक्षरांत काउंटीचं नाव, पण बारकाईने वाचलं तर ते पाठवणाऱ्याचं नसतं. ‘घर कुठल्या काउंटीत आहे’ या रकान्यात ते छापलेलं असतं. खाली बारकोड, तुमचा पार्सल नंबर (काउंटीने तुमच्या मालमत्तेला दिलेला क्रमांक) आणि एक तक्ता: सध्याची असेस्ड व्हॅल्यू (करासाठी धरलेली किंमत), प्रस्तावित व्हॅल्यू, अंदाजे बचत, फी. शेवटच्या ओळीत मुदतीची तारीख आणि त्यानंतर भरल्यास ‘लेट फी’.

ही लेट फी म्हणजे या कारागिरीचा कळस आहे. तुम्ही मागितलेलीच नाही अशा सेवेचे पैसे उशिरा दिले म्हणून दंड! पण वाचणाऱ्याच्या मनात दंड म्हणजे सरकार हे समीकरण इतकं पक्कं असतं की तो चेकबुक शोधायला लागतो.

भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आई-बाबा घरी असतील तर हे नाटक हमखास रंगतं. दुपारी मेल तेच आणतात. संध्याकाळी तुम्ही दारातून आत येताय तोवर बाबांनी ते पत्र चष्मा लावून दोनदा वाचलेलं असतं आणि टीव्हीच्या रिमोटखाली जपून ठेवलेलं असतं. ‘अरे, कॉर्पोरेशनची नोटीस आलीय. परवाची तारीख आहे.’ त्यांना हसू नका. आयुष्यभर सरकारी कागद वेळेत भरलेल्या माणसाला गाठण्यासाठीच ते पत्र तसं छापलेलं असतं.

आता तेच पत्र उलटसुलट करून बघा. पाकिटावर उजव्या कोपऱ्यात तिकिटाच्या जागी चौकोनात ‘पीआरएसआरटी एसटीडी’ (PRSRT STD) किंवा ‘पीआरएसआरटी एमकेटीजी’ (PRSRT MKTG) अशी अक्षरं असली तर ते जाहिरातींच्या घाऊक टपाल दराने आलंय. टॅक्सची बिलं फर्स्ट क्लास टपालाने येतात. परतीच्या पत्त्यात रस्त्याच्या नावापुढे नुसता ‘स्वीट’ (Suite, म्हणजे गाळा) नंबर असेल तर तो पत्ता नकाशावर शोधा. बऱ्याचदा ते भाड्याच्या टपालपेट्यांचं दुकान निघतं.

आणि मग सगळ्यात बारीक अक्षरं वाचा, बहुधा मागच्या बाजूला किंवा तळाशी. बिलासारखी दिसणारी जाहिरात टपालाने पाठवायची तर ‘हे बिल नाही, ही विक्रीची जाहिरात आहे, तुम्ही ही ऑफर स्वीकारल्याशिवाय वर लिहिलेली रक्कम देणं लागत नाही’ अशा अर्थाचं वाक्य ठळक छापलं पाहिजे असा देशाचा कायदा आहे. सरकारी वाटणाऱ्या जाहिरातींवर ‘या सेवेला कुठल्याही सरकारी संस्थेची मान्यता नाही’ असं छापायला कॅलिफोर्नियाचा कायदाही सांगतो. म्हणजे पुष्कळदा पत्र स्वतःच कबुली देत असतं, फक्त ती तुमच्या नजरेत भरू नये अशा बेताने छापलेली असते. असं वाक्य असलं की पत्र बेकायदा आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ही पत्रं वर्षानुवर्षं येत राहतात.

कोण काय करतं, एवढं पाठ करा

काउंटीच्या कारभारात घराच्या टॅक्सशी तीन-चार वेगवेगळी ऑफिसं येतात. असेसर तुमच्या घराची करासाठीची किंमत ठरवतो. हा निवडून आलेला अधिकारी असतो आणि राज्याच्या ५८ काउंटींत प्रत्येकी एक असतो. ऑडिटर-कंट्रोलर त्या किमतीला दर लावतो. टॅक्स कलेक्टर बिल पाठवतो आणि पैसे घेतो. किमतीबद्दल तक्रार असेल तर ऐकायला असेसमेंट अपील्स बोर्ड असतं.

यातून एक सोपी कसोटी निघते. किंमत ठरवणारा पैसे घेत नाही आणि पैसे घेणारा किंमत ठरवत नाही. एकाच पत्रात ‘तुमची किंमत कमी करू’ आणि ‘त्यासाठी इतके डॉलर पाठवा’ असं दोन्ही असेल, तर ते काउंटीकडून आलेलं नाही.

तुमचा टॅक्स मुळात कमी होण्यासारखा आहे का?

पत्रातला ‘अंदाजे बचत’ हा आकडा खरा की खोटा, हे कळायला कॅलिफोर्नियाचं गणित थोडं समजून घ्यावं लागतं. ते एकदा डोक्यात बसलं की अशी पत्रं उघडायचीही गरज उरत नाही.

१९७८ च्या जूनमध्ये इथल्या मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केलं. त्यानुसार घराची करासाठीची किंमत म्हणजे तुम्ही घेतलं तेव्हाची बाजारभावाची किंमत, आणि ती दरवर्षी जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढते. मूळ दर १ टक्का. त्यावर मतदारांनी मंजूर केलेल्या शाळा वगैरेंच्या रोख्यांची भर पडून तो बऱ्याच ठिकाणी सव्वा टक्क्याच्या आसपास जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन ८ आलं. १ जानेवारीला घराचा बाजारभाव या वाढत गेलेल्या किमतीपेक्षा खाली असेल, तर त्या वर्षापुरता टॅक्स बाजारभावावर लावायचा, असं ते सांगतं. याला ‘डिक्लाइन इन व्हॅल्यू’ म्हणतात. पत्रं पाठवणारे विकत असतात ते हेच.

समजा, एखाद्याने २०१५ मध्ये ९ लाख डॉलरला घर घेतलं. दरवर्षी पूर्ण २ टक्के वाढ धरली तरी १० वर्षांनी करासाठीची किंमत होते साधारण १० लाख ९७ हजार. त्याच्या गल्लीत तशीच घरं १६ लाखांना विकली जात असतील, तर बाजार चांगला पाच लाखांनी पडल्याशिवाय त्याला या सवलतीतून एक डॉलरही मिळायचा नाही. तरीही त्याला पत्र येतं, आणि त्यात बचतीचा आकडाही छापलेला असतो! तो आकडा कुठून येतो? पाठवणाऱ्याच्या मनातून.

आता दुसरा माणूस घ्या. २०२२ च्या वसंतात, भाव शिखरावर असताना, त्याने १५ लाखांना घर घेतलं. १ जानेवारी २०२३ ला २ टक्के वाढीसह करासाठीची किंमत १५ लाख ३० हजार. तोवर व्याजदर चढले, भाव उतरले आणि तसंच घर १३ लाखांना विकलं जायला लागलं. फरक २ लाख ३० हजारांचा. १.२ टक्के दराने वर्षाची बचत २,७६० डॉलर. हा माणूस सवलतीला खरोखर पात्र आहे. आणि त्याला ती मिळवायला कोणालाही पैसे द्यायची गरज नाही.

म्हणजे शिखरावर घेतलेल्या नवीन मालकालाच बहुतेक वेळा फायदा असतो. जुन्या मालकाला क्वचित.

आणखी दोन बारकावे. बिलातली प्रत्येक ओळ किमतीवर अवलंबून नसते. दर मालमत्तेमागे लागणारा पार्सल टॅक्स, नव्या वसाहतींतला मेलो-रूस कर, गटार आणि पूरनियंत्रणाचे आकार हे घराची किंमत पडली तरी तेवढेच राहतात. पत्रातली बचत संपूर्ण बिलावर काढलेली असेल तर ते गणितच चुकीचं. दुसरं, प्रपोझिशन ८ ची सवलत तात्पुरती असते. असेसर दरवर्षी पुन्हा बघतो आणि बाजार सावरला की किंमत एका वर्षात २ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त वाढू शकते, फक्त मूळ किमतीच्या वाढत्या रेषेपर्यंतच. त्या वर्षी लोकांना वाटतं की काउंटीने प्रपोझिशन १३ मोडलं. मोडलेलं नसतं.

अर्ज स्वतः कसा करायचा

पहिलं काम, तुमच्या काउंटीच्या असेसरच्या साइटवर जाऊन आपल्या घराची चालू असेस्ड व्हॅल्यू बघा. पत्ता किंवा पार्सल नंबर टाकला की दिसते. साइटवर जाताना पत्रातला क्यूआर कोड वापरू नका आणि सर्च इंजिनमध्ये वर आलेल्या जाहिरातीवरही क्लिक करू नका. क्लोजिंगच्या कागदांत किंवा मागच्या टॅक्स बिलावर छापलेला पत्ता स्वतः टाइप करा.

दुसरं, १ जानेवारीच्या आगेमागे विकली गेलेली आपल्यासारखी दोन-तीन घरं शोधा. विक्री जितकी १ जानेवारीच्या जवळची तितकी चांगली, पण ती ३१ मार्चनंतरची नको. कायद्याने त्यापुढच्या विक्रीचा आधार घेता येत नाही. ‘आपल्यासारखी’ म्हणजे त्याच भागातली, साधारण तेवढ्याच चौरस फुटांची, तेवढ्याच बेडरूमची. शाळेचा हद्दभाग वेगळा असेल तर रस्त्यापलीकडचं घरसुद्धा चालत नाही, हे सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. झिलो किंवा रेडफिनसारख्या घरांच्या साइटवरचा किमतीचा अंदाज पुरावा म्हणून देऊ नका. प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची किंमत आणि तारीख द्या.

तिसरं, असेसरच्या साइटवर डिक्लाइन इन व्हॅल्यूच्या फेरतपासणीचा अर्ज असतो. एका पानाचा. पार्सल नंबर, तुमच्या मते १ जानेवारीची किंमत, आणि त्या दोन-तीन विक्री. फी शून्य. अर्जाची मुदत काउंटीनुसार वेगळी असते, ती साइटवर बघा. मंदीच्या काळात अनेक काउंटींनी आपणहून लाखो घरांच्या किमती तपासून खाली आणल्या होत्या. म्हणजे काही लोकांनी फी भरली ती जे काम काउंटी तसंही करणारच होती त्यासाठी.

चौथं, असेसरने नकार दिला किंवा उत्तरच आलं नाही तर अपील. इथे मात्र तारखेला धरून चाला. नेहमीच्या असेसमेंटवर अपील करायची खिडकी २ जुलैला उघडते. सांता क्लारा आणि अलामेडासारख्या काउंटींत ती १५ सप्टेंबरला बंद होते, लॉस एंजेलिसमध्ये ३० नोव्हेंबरला. असेसरकडे साधा अर्ज दिला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. उत्तराची वाट बघत बसलात आणि सप्टेंबर निघून गेला तर ते वर्ष गेलं. शंका असेल तर दोन्ही करा. अपिलाला काही काउंटी थोडी फी घेतात. ती काउंटीला जाते आणि किती ते काउंटीच्या साइटवर लिहिलेलं असतं. सुनावणीला वकील लागत नाही. आपले कागद घेऊन आपणच बोलायचं. आणि अपील चालू असलं तरी बिल वेळेवर भरा. जिंकलात तर पैसे परत मिळतात. न भरल्यास दंड मात्र लागतोच.

हे वाचून ‘मग सगळे टॅक्स एजंट भामटेच का’ असं कोणी विचारेल. नाही. दुकानं, ऑफिसच्या इमारती, भाड्याची मोठी संकुलं यांच्यासाठी ते उपयोगी पडतात आणि टेक्ससमध्ये तर घरमालकही सर्रास त्यांना काम देतात. फरक एवढाच की धंदा सचोटीने करणारा एजंट बहुधा बचत झाली तरच तिचा ठरावीक हिस्सा घेतो आणि तुम्ही त्याला शोधत जाता. बिलाच्या सोंगात तो तुमच्या मेलबॉक्समध्ये येत नाही. कॅलिफोर्नियातल्या राहत्या घरासाठी मी तरी कोणाला पैसे द्यायचा सल्ला देणार नाही. एका पानाचा अर्ज आहे.

होमओनर्स एक्झेम्पशन आणि डीडची प्रत

हे दोन छोटे प्रकार, पण नवीन मालक यात जास्त फसतो.

राहत्या घराच्या करपात्र किमतीतून ७,००० डॉलर वजा होतात, म्हणजे वर्षाला साधारण ७० डॉलर वाचतात. घर घेतल्यावर असेसर बहुधा स्वतःच याचा फॉर्म पाठवतो. एकदाच भरायचा, फुकट. १५ फेब्रुवारीपर्यंत दिला तर त्या वर्षाची पूर्ण सवलत. त्यानंतर १० डिसेंबरपर्यंत दिला तर ८० टक्के. सत्तर डॉलरच्या सवलतीसाठी त्याहून जास्त फी मागणारी पत्रं येतात. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत घ्यायला महापालिकेचा पीटी-३ फॉर्म भरावा लागतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे: सवलत आहे, पण अर्ज तुम्ही करायचा. नावात ‘होमस्टेड’ असलेलं पत्र आलं तर ते वेगळं. होमस्टेड डिक्लरेशनचा टॅक्सशी काही संबंध नाही. घेणेकऱ्यांपासून राहत्या घराला मिळणारं मूळ संरक्षण कॅलिफोर्नियात आपोआप असतं.

डीडचं म्हणाल, तर नोंदणी झाल्यावर मूळ डीड रेकॉर्डरकडून टपालाने परत येतं. हरवलं तरी रेकॉर्डरच्या ऑफिसातून थोड्याशा डॉलरांत प्रत मिळते. त्याच प्रतीचे शंभर डॉलरच्या आसपास मागणारी पत्रं ‘तुमच्या मालकीचा पुरावा’ अशा भारदस्त भाषेत येतात. मालकीचा पुरावा काउंटीच्या नोंदीत आहे. तुमच्याकडे कागद नसला म्हणून घर दुसऱ्या कोणाचं होत नाही.

खरं पत्र फाडू नका

इतकं सगळं वाचून झालं की माणूस टॅक्सचं प्रत्येक पत्र रिसायकलच्या डब्यात टाकायला लागतो. त्यातून होणारं नुकसान खोट्या पत्राच्या नुकसानापेक्षा मोठं असू शकतं.

कॅलिफोर्नियात घर घेतल्यावर काही महिन्यांनी ‘सप्लिमेंटल’ टॅक्सचं बिल येतं. आधीच्या मालकाची करासाठीची किंमत आणि तुमची खरेदी किंमत यातल्या फरकावर, उरलेल्या आर्थिक वर्षापुरता लावलेला हा टॅक्स. इथलं टॅक्सचं वर्ष १ जुलै ते ३० जून. समजा, मागचे मालक वीस-पंचवीस वर्षं राहिलेले, त्यांची किंमत ३ लाख २० हजार. तुम्ही सप्टेंबरमध्ये घर घेतलं १४ लाखांना. फरक १० लाख ८० हजार. हिशेब खरेदीनंतरच्या महिन्याच्या १ तारखेपासून, म्हणजे ऑक्टोबर ते जून, नऊ महिने. १.२ टक्के दराने बिल ९,७२० डॉलर. क्लोजिंगच्या वेळी टॅक्स भरलाय, बँक दर महिन्याला इम्पाउंड खात्यात टॅक्सचे पैसे कापतेय, तरी हे बिल येतं. आणि ते तुमच्या नावाने येतं, बँकेकडे जात नाही. बँक आपोआप भरेल असं धरून चालू नका. तिला फोन करून विचारा. १ जानेवारी ते ३१ मेच्या दरम्यान घर घेतलं असेल तर अशी दोन बिलं येतात.

अनपेक्षित, मोठ्या आकड्याचं, तारीख आणि दंडाची धमकी असलेलं. म्हणजे खोट्या पत्राची सगळी लक्षणं! तरी ते खरं आहे. न भरल्यास १० टक्के दंड, वरच्या उदाहरणात ९७२ डॉलर.

म्हणून कुठलंही पत्र त्याच्या तोंडावळ्यावरून खरं किंवा खोटं ठरवू नका. टॅक्स कलेक्टरच्या साइटवर पार्सल नंबर टाका. तिथे तेवढ्याच रकमेचं बिल दिसलं तर खरं, नाही दिसलं तर तिथल्या नंबरवर फोन करा. बिलापूर्वी असेसरकडून सप्लिमेंटल असेसमेंटची सूचना येते, तीही जपून ठेवा. किंमत चुकीची वाटत असेल तर त्या सूचनेच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं.

नेहमीच्या बिलाचे दोन हप्ते असतात. पहिला १ नोव्हेंबरला देय, १० डिसेंबरनंतर दंड. दुसरा १ फेब्रुवारीला देय, १० एप्रिलनंतर दंड. नो-डि-फे-ए, असं घोकून ठेवलं की या महिन्यांव्यतिरिक्त आलेल्या ‘टॅक्स ड्यू’ पत्राकडे आपोआप संशयाने बघितलं जातं, ऑक्टोबरच्या सुमारास येणारं नेहमीचं बिल आणि सप्लिमेंटल यांचा अपवाद सोडून.

पैसे पाठवून झाले असतील तर

चेक पाठवला असेल आणि वटला नसेल तर बँकेला फोन करून आजच स्टॉप पेमेंट टाका. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार करा. ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत ती पोहोचली पाहिजे. पाठवणाऱ्याला ईमेलने किंवा पत्राने ‘सेवा नको, पैसे परत करा’ असं कळवा. फोनवर गोड बोलून वेळ काढतात.

त्यानंतर असेसरच्या आणि अपील्स बोर्डाच्या ऑफिसला विचारा की तुमच्या पार्सलवर कोणी एजंट म्हणून अर्ज केलाय का. फीबरोबर तुम्ही ज्या कागदावर सही करून पाठवली तो बऱ्याचदा एजंट नेमल्याचा अधिकारपत्र असतो. तो लेखी रद्द करा. नाहीतर काउंटीचं पुढचं पत्र तुमच्याऐवजी त्यांच्याकडे जाईल.

तक्रार चार ठिकाणी करता येते: काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अटर्नीचा ग्राहक विभाग, राज्याचे अटर्नी जनरल, फेडरल ट्रेड कमिशन आणि पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस. बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्म आहेत. पाकीट फेकू नका. टपालाचा परवाना क्रमांक पाकिटावर असतो, पत्रावर नाही, आणि तपासात तो उपयोगी पडतो. पैसे दिले नसतील तरी पत्राचा आणि पाकिटाचा फोटो असेसरच्या ऑफिसला पाठवायला हरकत नाही. अशा फोटोंवरून त्यांना साइटवर इशारा देता येतो.

कॅलिफोर्नियाबाहेर

न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा टेक्ससमधल्या डॅलसच्या बाजूला असाल तर पत्रं याच घाटाची येतात, नियम मात्र वेगळे. न्यू जर्सीत अपील काउंटीच्या बोर्ड ऑफ टॅक्सेशनकडे करायचं, बहुतेक काउंटींत १ एप्रिलपर्यंत, काहींत जानेवारीतच. टेक्ससमध्ये किंमत अप्रेझल डिस्ट्रिक्ट ठरवतो. तिथे विरोध नोंदवायची मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतरची असेल ती. राहत्या घराचं होमस्टेड एक्झेम्पशन टेक्ससमध्ये टॅक्स खरोखर कमी करतं, कॅलिफोर्नियातल्या होमस्टेड डिक्लरेशनसारखं नाही. त्याचा अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे फुकट करता येतो आणि तोच भरून देतो म्हणून पैसे मागणारी पत्रं तिथेही घरोघर जातात. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता त्याच घराचा लागतो, तेवढा आधी बदलून घ्या.